सहीचा अधिकार



कोष्ट्यांच्या मागांवरील रेशीमकाठी वस्त्रांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात भुईखाली दगडी कोळसा आहे, आणि तो उपसण्याच्या निमित्ताने नाना प्रांतांतील अभियंते येथे येऊन स्थायिक झाले, हे उमरेडकरांना मी सांगावे असे नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा काका या क्षणीही पाळीवर असतील. त्यामुळे ‘अभियंत्याचा उत्कर्ष’ हा जो विषय आपण मला नेमून दिला आहे, त्याच्या उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

उत्कर्ष म्हणजे बढती, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो दृढ होण्यास आमची सरकारी दफ्तरे पुष्कळ अंशी कारणीभूत आहेत. कारण तेथे वर्षे सरली की हुद्दा वाढतो, आणि हुद्द्याबरोबर अक्कलही वाढली असे गृहीत धरण्याचा रिवाज आहे. कोळशाच्या खाणीचा कायदा मात्र या बाबतीत अधिक कठोर आणि माझ्या मते अधिक शहाणा आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेची खाण अभियांत्रिकीची पदवी हाती असली, तरी तेवढ्या बळावर कोणी खाणीचा मॅनेजर होत नाही. नियमाने ठरवलेली मुदत प्रत्यक्ष खाणीत काढावी लागते, धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि द्वितीय वा प्रथम श्रेणीचे सक्षमता प्रमाणपत्र मिळाल्यावरच त्या-त्या जबाबदारीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार प्राप्त होतो. पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन आणि मायनिंग सरदार यांनाही आपापल्या पायरीचे प्रमाणपत्र असावेच लागते.

या सरदाराचे काम तुम्ही कधी जवळून पाहिले आहे काय? रात्रभर पाऊस झालेला असतो, आणि सकाळच्या पाळीला तो बेंचच्या, म्हणजे उघड्या खाणीत खोदलेल्या पायरीच्या, माथ्यावर कडेकडेने सावकाश चालत येतो. काल नव्हती अशी एक बारीक भेग कडेला समांतर धावत गेलेली त्याला दिसते. तो तिची रुंदी न्याहाळतो, तिच्यात पाणी मुरते आहे का ते बघतो, आणि मग खाली उभे असलेले डंपर आणि माणसे मागे घ्यायला लावतो. उत्पादनाचा आकडा त्या दिवशी घसरणार, वरून विचारणा होणार, हे त्याला पक्के ठाऊक असते; परंतु धोक्याच्या जागेवरून माणसे हटवणे हे नियमानेच त्याचे कर्तव्य ठरवले आहे, आणि पाळी संपताना तो ते सारे रजिस्टरात लिहून खाली आपली सही करतो. नुकताच पदवी घेऊन आलेला अभियंता ती नोंद वाचून ती भेग स्वतः पाहायला बेंचवर चढतो की कार्यालयातूनच ‘पाहिले’ असा शेरा मारतो, यावर त्याची पुढची वीस वर्षे कशी जाणार, हे मला सांगता येईल.

हुद्द्यापेक्षा काम मोठे, याचे एक जुने उदाहरणही आहे. ज्यांचे नाव त्या नागपूरच्या संस्थेला दिले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून उत्तीर्ण होऊन 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि नोकरीची आरंभीची वर्षे त्यांनी नाशिक-खानदेशात घालवली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पाहिले, की उसाच्या लोभाने थोडे बागाईतदार पाणी भरमसाट घेतात, जमिनी चिबड होतात, आणि कालव्याचा लाभ मोजक्याच गावांपुरता उरतो. तेव्हा 1899 मध्ये त्यांनी शेते गटांत विभागून पिकांची फेरपालट आणि पाण्याची पाळी ठरवून देणारी ‘ब्लॉक’ पद्धत मांडली. प्रथम तिला विरोध झाला, आणि शेतकऱ्यांना समजावणे हेही त्यांना आपलेच काम मानावे लागले. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, सक्करचा पाणीपुरवठा, एडनची योजना, हे सगळे पाण्याच्या एकाच व्यासंगातून निघाले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत मुख्य अभियंत्याचा हुद्दा मात्र त्यांना लाभला नाही. म्हैसूरचे दिवाणपद आणि 1955 चे भारतरत्न नंतरचे. मुंबईतला तो हुद्दा तेव्हा कोणाला मिळाला, हे आज अभ्यासकांना दफ्तर धुंडाळूनच सांगावे लागेल.

तुमच्या पिढीचे काम कोळसा काढण्यापाशी थांबणार नाही. खाणीतून उपसलेल्या मातीमुरमाचे डोंगर आणि खाण संपल्यावर उरणारे पाणी यांचे काय करायचे, हा आता अभियंत्याचाच प्रश्न झाला आहे. आपल्याच नागपूर जिल्ह्यात गोंडेगावच्या खाणीजवळ वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडने (वेकोलि) अशा उपशातून वाळू वेगळी काढण्याचा उद्योग केला आहे. ज्याला या कामात गती हवी, त्याने माती, पाणी आणि कायदा या तिन्हींचा अभ्यास आतापासून धरावा, आणि नोकरी लागली म्हणून वाचन सोडू नये.

प्राचार्य महोदयांस एक विनंती करून मी आपली रजा घेतो. पुढील वर्षी या खुर्चीवर बसवण्यासाठी माझ्यासारखा निवृत्त अधिकारी शोधू नका. मकरधोकड्याच्या खाणीतील एखाद्या जुन्या सरदारास पाचारण करा, त्याला बोलण्यास भरपूर वेळ द्या, आणि विद्यार्थ्यांना वह्या घेऊन बसवा.