कमाटीबागेतलं पाणी
(गणेशोत्सवातील भाषण)



2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री बडोद्यात शिरली, तेव्हा गणेश चतुर्थी जेमतेम दहा-अकरा दिवसांवर आली होती. काळ्या घोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी 26 फूट. पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. कमाटीबागेत पाणीच पाणी. ते ओसरल्यावर जो तो म्हणत होता, "काय बागेची दशा झाली हो!" मीही म्हणालो.

आज मात्र मला वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीसाठी हळहळलो. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये नदीकाठी ही बाग वसवली. तिथे पाणी आलं की हिरवळ बुडते, बाकं बुडतात. प्राणिसंग्रहालयातल्या मुक्या जिवांना आधी हलवावं लागतं, हे खरं. पण गाळ काढला की पोरं पुन्हा खेळायला येतात. त्याच जागी चाळीस इमारती असत्या तर?

आपली नदी पावागडावरून येते, सपाटीवर नागमोडी वळणं घेत ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताकडे जातं. उतार कमी, म्हणून पाणी सावकाश सरकतं. वरून आजव्याचं पाणी आलं आणि खाली ढाढर तुडुंब असली, की विश्वामित्री तुंबते. पूर्वी हे जादा पाणी कोतरांत आणि तळ्यांत पसरायचं. ती आपण बुजवली. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा मगरी वस्तीत आल्या म्हणून आपण घाबरलो. मगरी जुन्याच वाटेने आल्या होत्या. मधे आपली घरं होती.

"आपण" म्हणतो, कारण माझी सोसायटीही अशाच एका कोतरावर उभी आहे. लहानपणी तिथे आम्ही बोरं वेचायला जायचो. घर घेताना मला हे आठवत होतं. भाव बरा होता, म्हणून गप्प बसलो. 2024 मध्ये तळमजल्यावरच्या आजींना खांद्यावरून वर नेताना त्या म्हणाल्या, "अरे, इथे तर पाणीच असायचं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून ज्येष्ठांना विनंती, कुठे कोतर होतं, कुठे तळं होतं, ते मुला-नातवंडांना जागेवर नेऊन दाखवा. तरुणांनो, घर घेण्यापूर्वी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. घराचा राडारोडा नदीकाठी टाकू देऊ नका. निर्माल्य पाण्यात सोडू नका, आणि बाप्पांचं विसर्जन कृत्रिम तलावातच करा.

पुढच्या पावसाळ्यात बाग पुन्हा बुडाली, तर बुडू द्या. नदीला पाय पसरायला तेवढी तरी जागा राहू दे.

 गणपती बाप्पा मोरया!