फुकट तिकीट आणि उंच पायरी

एस्.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. त्या वर्षीं जन्मलेलीं मुलें आतां पंचाहत्तरी ओलांडून गेलीं आहेत, आणि महाराष्ट्रांत त्यांस एस्.टी.चें भाडें पडत नाहीं. ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांस ही सवलत ऑगस्ट २०२२ मध्यें मिळाली. ६५ ते ७५ या वयाच्या प्रवाशांस अर्धें भाडें आहे. माफ केलेल्या भाड्याची भरपाई राज्य सरकार महामंडळास करतें.

लेकीच्या गांवीं जाणें, तालुक्याच्या दवाखान्यांत डोळे दाखविणें, या गोष्टी भाड्यापायीं अडत. त्या आतां सुकर झाल्या. परंतु ज्याचा गुडघा वांकत नाहीं, किंवा जो चाकांच्या खुर्चीवर बसून येतो, त्यास तिकिटाआधीं पायरी आडवी येते. बसस्थानकें व वाहनें अपंगांस सुगम करण्याचें कर्तव्य २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सरकारवर टाकलें आहे. तथापि ठेंगण्या तळाच्या गाड्या मुख्यतः शहरांतच दिसतात. खेड्याच्या थांब्यावर वाहकाचा हात हाच आधार.

शिवाय भाड्याची सवलत आदेशानें येते, तशीच जातेही. रेल्वेनें ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्यें थांबविली. ठेंगणी पायरी आणि फलाटाचा उतार मात्र एकदां बांधले कीं टिकतात. म्हणून नवी गाडी घेतांना तिच्या पहिल्या पायरीची उंची मोजली जावी, आणि मोजणी झाल्यावर एखाद्या वृद्धेस ती चढून पाहावयास सांगावें.