पहिला माणूस कामावर ठेवताना
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तूर विकू नका, डाळ विका, असे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. आता गावोगाव डाळमिल उभ्या राहू लागल्या. चांगले झाले. पण शेतात मजूर लावणे वेगळे आणि मिलवर माणूस ठेवणे वेगळे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. दुसऱ्याची तूर भरडून मिळालेला पैसा मात्र धंद्याचा. तिथून सगळा हिशेबच बदलतो.

आम्ही हे ठेच खाऊन शिकलो. आमच्या गटाने मिल टाकली, दोन पोरे कामाला ठेवली. हजेरीची वही नाही, विमा नाही. तिसऱ्या महिन्यात एकाची बोटे पट्ट्यात गेली. 'चूक त्याचीच,' असे आम्ही म्हणालो. वकिलांनी विचारले, "मशीन कोणाचे?" कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा १९२३ सालचा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामगार साधा बेसावध होता म्हणून मालक सुटत नाही. विजेवरच्या मिलमध्ये माणूस एकच असला तरी सुटका नाही. वर्षाची कमाई भरपाईत गेली. पोराची बोटे काही परत आली नाहीत.

म्हणून पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिल्या माणसापासून: किमान वेतन, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, हजेरी व पगाराची वही. नेमणूक कागदावर लिहून द्या. आणि पट्टा फिरण्याआधी अपघात विमा उतरवा.

दुसरी पायरी व्यवसाय कराची. रोजगार हमीसाठी १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला. पुरुषाचा पगार महिना १०,००० रुपयांच्या वर गेला की २०० रुपये कापायचे, फेब्रुवारीत ३००. बाईचा पगार २५,००० पर्यंत असेल तर काही नाही. कापून भरण्याची जबाबदारी मालकाची. नाही कापला तर त्याच्या खिशातून. पगारावरचा टीडीएस मात्र पगार आयकराच्या कक्षेत गेला तरच.

दहावा माणूस आला की कामगार राज्य विमा: पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे, पाऊण टक्का कामगाराचा. ग्रॅच्युइटीही तिथूनच. विसावा आला की भविष्यनिर्वाह निधी, सर्वसाधारणपणे दोघांचे बारा-बारा टक्के.

कोणी म्हणेल, एवढे सगळे केले तर मिल परवडेल कशी? भावांनो, उत्पादनखर्चात आमच्या घामाचा दाम धरा, असे आपण सरकारला सांगतो. मग मिलच्या खर्चात त्या पोराचा घाम आणि त्याची बोटे आपण धरायला नकोत? कर्जाचा अर्ज भरतानाच पगार, विमा आणि कर खर्चात मांडा. एवढे धरूनही मिल चालत असेल, तरच ती चालली म्हणायचे.