समुद्राची पड

ज्येष्ठात आभाळ भरून येऊ लागले म्हणजे कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या काळ्या रानातला आमचा सांगली जिल्ह्यातील आष्ट्याचा शेतकरी पश्चिमेकडे डोळे लावतो, कुरी दुरुस्त करून ठेवतो, गावच्या चौंडेश्वरीच्या भावई उत्सवाच्या गर्दीतही एक नजर ढगांवर ठेवतो, आणि वारा फिरला की त्याच्या घरात कामाची एकच धांदल उडते. नेमक्या त्याच दिवसांत, त्याच वाऱ्याची चाहूल घेऊन, सह्याद्रीच्या पलीकडे, मुंबईच्याही उत्तरेस, पालघर जिल्ह्यातील सातपाटी या गावचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आपली होडी खाडीत आणून ठेवतो, ती शाकारतो आणि फाटलेली जाळी मांडीवर घेऊन ओटीवर बसतो. एकाच वाऱ्याने एका गावाचे काम सुरू होते व दुसऱ्या गावाचे थांबते. सातपाटीचा इतिहास आणि तेथील हवामान यांची हकीकत मी आज सांगणार आहे; पण तिचे मर्म या थांबण्यातच आहे, असे मला वाटते.

पालघर स्थानकावरून पश्चिमेस आठ-नऊ किलोमीटर गेले की सातपाटी येते. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, खाडीपलीकडे मुरबे हे गाव आणि दक्षिणेस शिरगाव, माहीम, केळवे ही नारळी-पोफळीच्या वाड्यांची रांग, असा या गावाचा परिसर आहे. वस्ती मुख्यतः मांगेला आणि वैती या मच्छीमार समाजांची. घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, आणि प्रत्येक गल्लीच्या अखेरीस पाणी. मी प्रथम तेथे गेलो तो आषाढात. नांगराच्या फाळाने उघडलेली भुई पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या घाटावरच्या माणसास, ऐन कामाच्या मोसमात शेकडो होड्या माना टाकून निजलेल्या आहेत, हे दृश्य पाहून प्रथम गलबलून आले. एखाद्या गावावर संकट ओढवले असावे, असा माझा समज झाला. तो समज किती अपुरा होता, हे गावकऱ्यांशी बोलल्यावर उमगले.

तेथील समुद्राची घडण आधी ध्यानी घेतली पाहिजे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यालगत पाण्याखाली जो उथळ भूभाग पसरलेला आहे, तो मुंबई आणि खंबायतचे आखात यांच्या समोर सर्वांत रुंद असून तेथे त्याची रुंदी तीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. नर्मदा आणि तापी या नद्या आपला गाळ याच बाजूस आणून टाकतात. उथळ पाणी, त्यात पोहोचणारा सूर्यप्रकाश आणि नद्यांनी वाहून आणलेला कस यांच्या संयोगाने या समुद्रात सूक्ष्म वनस्पतींची समृद्धी होते, आणि तिच्यावर सरंगा म्हणजे पापलेट, घोळ, दाढा, रावस, बोंबील, कोळंबी अशी सारी सृष्टी पोसली जाते. गाळाची जमीन सुपीक असते, हे कृष्णाकाठच्या माणसास सांगावयास नको. पाण्याखालची जमीनही त्याच न्यायाने पिकते, एवढेच येथे नवे.

भरती-ओहोटीचा जोरही तेथे विलक्षण. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, आणि खंबायतच्या आखाताच्या टोकाशी हा पल्ला दहा मीटरांच्या आसपास पोहोचतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, यांवर सातपाटीचा दिनक्रम बेतलेला असतो. होडी केव्हा सुटावी, जाळे केव्हा टाकावे, खाडीच्या मुखातून आत केव्हा शिरावे, याचा निवाडा घड्याळाकडे नसून चंद्राकडे आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारनंतर खारा वारा उलट फिरतो; शिडांच्या काळात पहिल्या वाऱ्याने जावे आणि दुसऱ्याने परतावे, अशी निसर्गानेच सोय लावून दिली होती. हवा दमट, पण आमच्याकडच्या चैत्र-वैशाखातला चाळीस अंशांचा दाह तेथे क्वचितच भोगावा लागतो, कारण समुद्र ऊनही सावकाश घेतो आणि थंडीही सावकाश घेतो. आणि पाऊस? सांगलीकडे वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, तर पालघरच्या परिसरात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक. सह्याद्री ओलांडताना ज्या ढगांनी आपली झोळी रिकामी केलेली असते, तेच ढग पुढे आमच्या वाट्यास येतात.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा किनारा एकाकी कधीच नव्हता. शेजारचे केळवे-माहीम हेच जुन्या काळचे महिकावती असे काही जण मानतात, आणि त्या प्रांताची ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली, हे अभ्यासकांस विदित आहेच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढे दमणपर्यंतचा किनारा त्यांच्या अमलाखाली आला. या मुलखास ते आपला उत्तर प्रांत म्हणत. समुद्रावर फिरणाऱ्या गलबतांनी फिरंग्यांचा परवाना घ्यावा, जकात भरावी, न घेतल्यास माल जप्त व्हावा, असा दंडक त्यांनी बसवला. ज्या पाण्यावर कोणाचीही मालकी नव्हती, त्या पाण्यावर प्रथमच दस्तक लागू झाले. दोनशे वर्षांनी, १७३९ च्या आरंभी, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. सातपाटीच्या वेशीजवळचा शिरगावचा किल्ला आजही त्या घडामोडींची साक्ष देत उभा आहे.

राज्ये बदलली, वसुलीचे कागद बदलले, तरी समुद्रातील वहिवाट मात्र कोळ्यांनी आपसांत ठरवलेलीच चालत राहिली. पाण्यात खांब रोवून डोल जाळी बांधण्याच्या जागेस तेथे कव म्हणतात. कोणत्या गावाची कव कोठवर, यावरून तंटे झाले, आजही होतात. पण मुळात उघड्या समुद्रातही हद्द मानावी आणि शेजाऱ्याचा वाटा सोडावा, ही समज आमच्या बांधाच्या समजुतीहून तसूभरही कमी प्रतीची नाही.

स्वातंत्र्याच्या लढ्याचे एक पान येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच तरुण हुतात्मा झाले. त्यांतील काशिनाथ हरी पागधरे हे सातपाटीचे. त्यानंतर चारच आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, आमच्या वाळवा तालुक्याच्या इस्लामपुरातही मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. एका टोकास जाळे विणणारे हात, दुसऱ्या टोकास नांगर धरणारे. परस्परांचे नावही ठाऊक नसता दोघांनी एकच मागणे मागितले.

त्या पिढीने पुढे सहकाराचाही मार्ग धरला. आमच्या तालुक्यात उसाच्या सहकारी कारखान्यांनी जे घडवले, ते सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी केले: बर्फ, डिझेल, जाळ्यांचे सूत आणि कर्ज सभासदांस मिळू लागले, पापलेटची विक्री संस्थेमार्फत होऊ लागली, आणि दलालाच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला कोळी मोकळा श्वास घेऊ लागला. याच काळात शिडाच्या होडीत इंजिन आले आणि कापसाच्या सुताऐवजी नायलॉनचे जाळे आले. रुंद बांध्याची, अणकुचीदार नाळेची, सरळ कण्याची सातपाटी पद्धतीची होडी ही नौकाबांधणीच्या ग्रंथांत स्वतंत्र नावाने नोंदली गेली आहे. इंजिन बसल्यावर ती पूर्वीपेक्षा कितीतरी दूर जाऊन अनेक दिवसांनी परत येऊ लागली.

आता त्या थांबण्याकडे वळतो. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला की समुद्र खवळतो, आणि शिडाच्या दिवसांत होडी बाहेर काढणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते; तेव्हा ज्येष्ठापासून श्रावणातील पौर्णिमेपर्यंत जाळे कोरडे ठेवावे, नारळी पौर्णिमेस सागरास नारळ अर्पण करावा आणि मगच होडी लोटावी, असा रिवाज पडला. हा रिवाज भीतीतून जन्मला असेल. परंतु अनेक जातींच्या माशांचा अंडी घालण्याचा व पिले वाढण्याचा काळ हाच असल्याने, त्या भीतीनेच समुद्राचे बियाणे शतकानुशतके राखले. आज राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ठरवला जातो, आणि तो नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावा, असे मागणे कित्येक मच्छीमार स्वतःहून मागत आले आहेत. आपला धंदा आणखी काही दिवस बंद ठेवा, असे सरकारास विनविणारा धंदेवाईक मी अन्यत्र कोठे पाहिलेला नाही.

ही विनवणी निष्कारण नाही. इंजिनाला वाऱ्याची भीती उरली नाही आणि बारीक आसाच्या जाळ्यास पिलू व पोक्त यांतला भेद कळत नाही. तळहातावर मावणारे पापलेट, ज्याने एकदाही अंडी घातली नाहीत, तेच बाजारात येऊ लागले, आणि मोठा सरंगा दुर्मीळ होत गेला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. ज्या गावाने या माशास कीर्ती मिळवून दिली, त्या गावास या मानाचा आनंद झाला असेल, पण मानाने मासा वाढत नाही, विसाव्याने वाढतो. भरीस भर म्हणजे किनाऱ्याची धूप. उधाणाचे पाणी धुपप्रतिबंधक बंधारा ओलांडून गल्ल्यांत शिरते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेले, तेव्हा मोसमाच्या आधीच समुद्राने आपले रूप दाखवले.

श्रोतेहो, हे सारे ऐकताना मला माझे रान आठवत होते. आमच्या वाडवडिलांच्या काळी जमीन एखाद्या वर्षी पड टाकण्याची चाल होती. ज्वारीमागून हरभरा, मध्येच तागाचे बेवड, असा फेर असे. कोयनेचे पाणी कृष्णेला बारमाही झाले, उपसा योजना आल्या, ऊस आला, आणि त्याबरोबर पक्की घरे, शाळा, दवाखाने आले; त्या संपन्नतेबद्दल मी कृतज्ञ आहे. पण भारी काळ्या जमिनीस निचरा कमी, त्यात मोकाट पाणी आणि उसामागून ऊस. पाण्याची पातळी वर चढली, पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार तेवढे मातीच्या तोंडाशी राहिले. आष्ट्यापासून कसबे डिग्रजपर्यंत आणि पुढे मिरज-शिरोळपर्यंत क्षारपड झालेली, पांढरी पडलेली शेते मी डोळ्यांनी पाहिली आहेत. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून, ताग-धैंचा गाडून ती पुन्हा पिकाखाली आणणारे शेतकरीही पाहिले आहेत. जी पड आपण खुशीने टाकली नाही, ती जमिनीने जबरीने टाकून घेतली, आणि तिची किंमत कितीतरी जास्त लावली.

सातपाटीच्या ओटीवर जाळे तुणीत बसलेला एक वृद्ध तांडेल मला म्हणाला होता, “दादा, दर्या आम्हाला दहा महिने देतो, दोन महिने त्याचे त्याला सोडायला नको?” त्या वेळी मी नुसती मान हलवली. घरी परतल्यावर मळ्याच्या चढावरचा अर्धा एकर मी उसातून काढला आणि पुढल्या वर्षी पहिल्या पावसावर ताग पेरला. फुलोऱ्यावर आलेला तो ताग नांगराखाली गाडला, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. तिकडे सातपाटीच्या खाडीतून होड्या बाहेर पडत असतील, या विचाराने मी बांधावर बराच वेळ उभा राहिलो.