नळीतला बुडबुडा



आज यंत्राविषयी थोडे बोलायचे आहे. मी काही मेकॅनिक नव्हे. सारा जन्म हातात खडू धरला. पण गवत कापायच्या यंत्राने म्हातारपणी मलाच धडा दिला, तो सांगतो.

आपल्या कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी आता पुष्कळ ठिकाणी ग्रास कटरने होते. त्यांतले बरेचसे दोन स्ट्रोकचे असतात. त्यांत तेल वेगळे ओतत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळतात. यंत्राच्या पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर. तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, एवढे ध्यानात ठेवा.

माझा पुतण्या लोकांच्या बागा मजुरीने कापून देतो. दोन वर्षांपूर्वी, ऐन नवरात्रात, तो म्हणाला, "काका, पेट्रोलच्या नळीत बुडबुडे येतायत."

मी म्हटले, "अरे, बुडबुड्यानं काय होतंय? चालतंय ना? मग चालव."

यंत्र चालत होते. उलट जरा जोरातच चालत होते. आम्हांला वाटले, झकास! तिसऱ्या दिवशी ते किंचाळल्यासारखे ओरडले आणि बंद पडले. दोरी ओढावी तर हलेना. उघडून पाहिले तेव्हा पिस्टन खरवडून आत चिकटला होता. दुरुस्तीचा खर्च मी दिला. पण ठरलेल्या बागा दुसऱ्यांनी कापल्या. त्याची तेवढी मजुरी गेली ती गेलीच. पोरगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

असे का झाले? विहिरीवरचा पंप आठवा. सक्शन पाइपाला बारीक चीर पडली, तर तिथून पाणी गळत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते. पंप हवा धरतो. इथेही तसेच. कार्बोरेटर टाकीतून पेट्रोल ओढतो. वाटेत चीर असली तर थेंबही खाली पडत नाही. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि आपण फसतो. आत हवा गेली की पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. यंत्र जोरात पळते, तापते आणि पिस्टन कोरडा पडतो. विहिरीच्या पंपाला पाणी येत नाही, एवढे तरी लगेच कळते. इथे कळेपर्यंत उशीर होतो.

मात्र प्रत्येक बुडबुडा वाईट नसतो, बरे का. सुरू करण्याआधी आपण रबरी फुगा दाबतो. तेव्हा नळ्यांत बुडबुडे धावतात. ती आतली हवा बाहेर पडते. फुग्यातून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत बुडबुडे दिसले, तर घाबरू नये. टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारी नळी वेगळी. तिच्या टाकीतल्या टोकाला फिल्टर असतो. यंत्र चालू असताना त्या नळीत बुडबुड्यांची रांग थांबेना, तर यंत्र बंद करावे. फुगा दाबूनही पेट्रोलने भरत नसेल, तर फुग्यालाच तडा आहे का, तेही पाहावे.

गेल्या वर्षी पुन्हा तेच दुखणे आले. या वेळी यंत्र लगेच थांबवले. एकाने कार्बोरेटर दोनदा धुतला. एकाने स्क्रू फिरवून दिला. स्क्रू फिरवून चीर कशी बुजणार? मग पुतण्याच म्हणाला, "काका, टाकी भरलेली असली की नीट चालतं. अर्धी झाली की बुडबुडे सुरू."

त्या एका वाक्यात सगळे आले! चीर टाकीच्या आत होती, रबरी बुचाच्या जरा खाली. टाकी भरलेली असताना चीर पेट्रोलात बुडून राही. पेट्रोल खाली गेले की ती उघडी पडे आणि हवा ओढी. बाहेरून ती कितीही शोधली असती, तरी सापडली नसती.

नळी तपासणे सोपे आहे. यंत्र थंड होऊ द्या. उघड्यावर बसा, जवळ चूल किंवा दिवा नको. टाकी रिकामी करून नळी काढा. एक टोक बंद करा. दुसऱ्या टोकाला सुई नसलेली सिरिंज लावून हवा भरा. तोंडाने फुंकू नका. मग सायकलची ट्यूब पाहतात तशी नळी पाण्याच्या बादलीत धरा आणि वाकवून पाहा. चीर फक्त टोकाशीच असेल आणि नळी लांब असेल, तर अर्धे बोट कापून पुन्हा बसवता येते. नाहीतर नवी घ्या. तीही पेट्रोलसाठीचीच, आणि जुनीच्याच भोकाची. पाण्याची पारदर्शक नळी चालत नाही. ती पेट्रोलने कडक होऊन तडकते. हल्ली पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून हंगाम संपला की टाकीत पेट्रोल ठेवू नये.

आणखी एक. यंत्र थोडा वेळ चालून बंद पडते, झाकण सैल केले की फुस्स आवाज होतो आणि मग पुन्हा चालते, असे झाले तर नळीला दोष देऊ नका. झाकणाचे हवेचे भोक बुजलेले असते. ते साफ करा.

ती जुनी नळी मी आज बरोबर आणली आहे. सरळ धरली तर काही दिसत नाही. अशी वाकवली की चीर उघडते, पाहा. हातोहात पुढे द्या. पेट्रोलचा वास अजून आहे, तेव्हा विड्या खिशातच राहू द्या.