वादी अदाईतलं खुराडं

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला “परदेशातील माझे छंद” या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मला ना गाता येतं, ना रांगोळी काढता येते. मला फक्त कोंबड्या पाळता येतात. त्यावर पलीकडून जरा शांतता पसरली आणि मग उत्तर आलं, “चालेल, पण पंधरा मिनिटांत आवरा!” तेव्हा शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. आज पाककृती सांगणार नाही.

गोष्ट 2006 सालची. आमचं सासर नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. त्या वर्षी फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. साथ पसरू नये म्हणून ते करणं भागच होतं. पण माझे सासरे, आप्पा, यांची अंड्यांवरच्या कोंबड्यांची शेड होती. एका दिवसात ती रिकामी झाली. नुकसानभरपाई मिळाली, तरी आप्पा गप्प झाले ते झालेच. पहाटे चारला उठायचे आणि रिकाम्या शेडकडे तोंड करून बसायचे. शेवटी आम्ही त्यांना मस्कतला घेऊन आलो.

आम्ही तेव्हा वादी अदाईत राहायचो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, रुवीहून अमरातकडे जाताना लागणारी ही वस्ती. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मधून वादी, म्हणजे कोरडी नदी. घर जुनं, बैठं, वर एक खोली आणि मागे अंगण. घरमालक वयस्कर ओमानी गृहस्थ, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे. त्यांच्या स्वतःच्या शेळ्या होत्या. एकदा त्यांनीच आप्पांना विचारलं, “दिवसभर बसून काय करता? कोंबड्या पाळा!” आप्पा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अंगणात पावलांनी मापं घेत होते.

पहिला वाद जागेवरून झाला. मला खुराडं मागच्या कोपऱ्यात, वादीच्या बाजूला हवं होतं. वास नको, पाहुण्यांना दिसायला नको. आप्पा म्हणाले, “उंचावर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून.” घरमालकांनीही त्यांचीच बाजू घेतली. म्हणाले, “वादी आपला रस्ता विसरत नाही.” मी दोघांपुढे हरले.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी मापं सांगते. सहा कोंबड्यांसाठी सहा बाय चार फुटांचं खुराडं, म्हणजे प्रत्येकीला चार चौरस फूट. शिवाय फिरायला बारा बाय सहाचं जाळीबंद अंगण. खुराडं दीड फूट उंच चौथऱ्यावर. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी शिरतं. उत्तर-दक्षिण बाजूंना भिंत नाही, नुसती जाळी, वारा खेळायला. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण मांजराला किंवा डोंगरातून उतरणाऱ्या कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा.

झोपायला दोन इंच रुंद लाकडी दांडा, प्रत्येकीला नऊ इंच. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचे दोन खोके, आत पेंढा. सहा जणींना दोन पुरतात. तरी सगळ्या एकाच खोक्यापुढे रांग लावतात, ते सोडा!

खरं काम छपराचं. मस्कत कर्कवृत्ताला लागूनच आहे, जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आप्पांनी पत्र्यावर चुना फासला आणि वर हातभर जागा सोडून खजुराच्या झावळ्यांचं दुसरं छप्पर घातलं. झावळ्या घरमालकांनी आणून दिल्या. इकडची जुनी घरं अशाच झावळ्यांची असायची, ते कसं बांधायचं हेही त्यांनीच शिकवलं.

दाराशी आप्पांनी एक जुनी चपलांची जोडी ठेवली. खुराड्यात जायचं ते त्याच चपला घालून, आणि बाहेर आलं की साबणाने हात धुवायचे. नातवालासुद्धा सूट नव्हती. त्याचं कारण आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

कोंबड्या आणल्या चार महिन्यांच्या तलंगा. दोन पांढऱ्या लेगहॉर्न, दोन तांबड्या ऱ्होड आयलंड रेड आणि दोन इथल्या गावठी. कोंबडा नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, आणि पहाटेची बांग शेजाऱ्यांना का ऐकवायची? जानेवारीत पहिलं अंडं मिळालं. आप्पांनी ते देवापुढे ठेवलं. देवाजवळ अंडं! मी बघत राहिले, पण काही बोलले नाही.

मे महिन्यात माझी चूक झाली. आप्पांना ताप होता, म्हणून सकाळी पाणी मी भरलं, गच्चीवरच्या टाकीचं. भांडं उन्हात राहिलं आणि मी ऑफिसला गेले. संध्याकाळी एक तांबडी कोंबडी मरून पडली होती. बाकीच्या चोच उघडी टाकून, पंख पसरून धापा टाकत होत्या. आप्पा उठून आले. मला म्हणाले, “सूनबाई, त्या पाण्यात हात घाल. तुला प्यावंसं वाटेल का?” हात पोळला माझा.

कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुऱ्यातून अंगातली उष्णता घालवते. पस्तीस अंशांच्या पुढे तिला त्रास होतो, चाळिसाच्या पुढे जिवावर बेततं. उन्हाळ्यात एकेकीला अर्धा लिटर गार पाणी लागतं. म्हणून आखातात भारी अंगाच्या, दाट पिसांच्या जाती नकोत. ब्रह्मा, कोचीन फोटोतच बघाव्यात. हलक्या अंगाची, मोठ्या तुऱ्याची लेगहॉर्न बरी, वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. गावठी त्याच्या निम्मीही देत नाही आणि मध्येच खुडूक बसते, पण उन्हाला टिकते. उघड्या मानेची जात मिळाली तर उत्तम.

आप्पांनी स्वतः खड्डा खणून ती कोंबडी पुरली. त्या रात्री, सव्वा वर्षात पहिल्यांदा, ते नवापूरबद्दल बोलले. शेडमधली ती शांतता, पांढरे पोशाख घातलेली माणसं, सगळं सांगितलं. “मी तेव्हा घरात बसून राहिलो गं,” एवढं म्हणून थांबले. मला रागवायला आलेला माणूस माझ्यापुढे रडला.

आणि मग 2007 च्या जूनमध्ये ‘गोनू’ आलं. सहा तारखेला वादी भरून वाहू लागली. मागची भिंत पडली. जिथे मला खुराडं हवं होतं तिथे छातीएवढं पाणी होतं. चौथऱ्यापाशी गुडघाभर. आप्पा धुण्याच्या टोपलीत एकेक कोंबडी घालून वरच्या खोलीत नेत होते, जिन्यावर मी आणि मुलगा. पाचही वाचल्या. पुढे काही दिवस नळाला पाणी नव्हतं, वीज नव्हती. ओमानमध्ये जवळजवळ पन्नास माणसं गेली, तिथे आमच्या पाच कोंबड्यांचं काय घेऊन बसायचं? पण आप्पा घरमालकांच्या घरातला चिखल उपसायला गेले आणि जाताना चार अंडी घेऊन गेले.

पावसाळा सरल्यावर आप्पा नवापूरला परतले. शेड पुन्हा मोठी केली नाही. परसात दहा कोंबड्या पाळल्या, शेवटपर्यंत.

दोन गोष्टी सांगून थांबते. सुरुवात करण्याआधी घरमालक, शेजारी आणि नगरपालिका, तिघांनाही विचारा. वस्तीत परवानगी नसेल तर हट्ट नको. आणि भारतातून पिल्लं किंवा उबवणीची अंडी सामानातून आणायचा विचारसुद्धा करू नका. एक बॅग एका गावाची शेडं रिकामी करू शकते.

वेळ संपली, घंटा वाजायच्या आत बसते. सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!