ब्रेक दाबल्यावर चाक फिरते का राहावे?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. दरवर्षी कोणीतरी विचारतो, "सर, नव्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला की पेडल पायाखाली थरथरते. बिघाड आहे का?" बिघाड नाही. एबीएस आपले काम करीत असते. आणि नेमके त्याच क्षणी आपण घाबरून पाय उचलतो.

जड कपाट ढकलून पाहा. हलेपर्यंत जोर लागतो, सरकू लागले की सोपे जाते. टायरचेही तसेच. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून पकड राहते. चाक जाम झाले की टायर घसरतो. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती सडकेवर येते, तेव्हा काय होते हे खानदेशी माणसाला सांगायला नको.

एबीएसमध्ये प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो. चाक जाम होऊ लागताच यंत्र त्या ब्रेकच्या तेलाचा दाब कमी करते, पुन्हा वाढवते. सेकंदाला अनेक वेळा. जुने ड्रायव्हर पायाने ब्रेक पंप करीत, पण इतक्या वेगाने कोण करणार? आपण पेडल दाबून धरायचे आणि अडथळा चुकवायचा. स्थिरता-नियंत्रण याच्या पुढचे. डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर सरकू लागली, तर ते एकट्या उजव्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते.

मात्र सैल खडीवर एबीएसने थांबण्याचे अंतर वाढूही शकते. आणि मूळ ब्रेकच गेला तर ही यंत्रे काय करणार? 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला, किमान दहा जीव गेले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. उतारावर सतत ब्रेक धरला की तो तापून पकड सोडतो. म्हणून घाट लहान गिअरमध्येच उतरावा.

पालकांनो, मुलाला मोटारसायकल घेताना रंगाआधी ब्रेकचे विचारा. 2018-19 च्या नियमाने 125 सी.सी.वरील गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले; लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी पुरेशी धरली. ही जोडणी चाक जाम होणे थांबवत नाही. आपली बहुतेक मुले लहान गाड्याच चालवतात.

कार्यक्रमानंतर मैदानातल्या मातीवर माझ्या गाडीत ती थरथर पायाने अनुभवता येईल. लायसन असलेल्यांनीच यावे.